वन्संच्या चालीचे सेकंद

वन्सं, झालं! अहो, झालं एकदाचं! आत्ता तासाभरापूर्वी झालं, आणि मी भाजीची रिकामी पिशवी घेऊन तशीच तुमच्या जिन्याच्या चार पायऱ्या चढलेसुद्धा, सांगायला. पाचव्या पायरीवर आठवलं की वर कुलूप आहे आणि त्याची किल्ली माझ्याच कमरेला आहे. तिथंच मटकन बसले. आतून यांनी विचारलं, "कोण आलंय?" म्हटलं, "कुणी नाही, मीच." मग उठले आणि हा कागद घेतला. तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला का ठाऊक नाही?

वीस दिवस झाले तुम्हाला जाऊन. सकाळी चहाला खाली आला नाहीत म्हणून मी वर आले, तर तुम्ही कुशीवर, हात उशीखाली, चष्मा घडी करून शेजारी. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगत होते, की घरी गेल्या, झोपेत गेल्या. कारण सगळ्यांना वाटलं होतं रस्त्यातच काहीतरी झालं. दिलसुखनगरच्या त्या हमरस्त्यात छत्री उगारून उभी राहणारी बाई कशी जाणार, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मीही ठरवलं होतं. "एक दिवस ते तुम्हाला चादरीत घालून आणतील," असं तोंडावर बोलले होते की मी. तर नाही. आपल्या पलंगावर गेलात, आणि मला उलट बोलायला जागा ठेवली नाहीत.

आपलं भांडण तरी काय होतं? एक रस्ता. आपल्या गल्लीच्या तोंडाशी तो रस्ता, मधोमध मेट्रोचे खांब, आणि पलीकडे तुमची बँक, तुमचं भाजीचं दुकान, तुम्ही तीस वर्षं गणित शिकवलं ती शाळा. मी म्हणायची, मेट्रोच्या स्टेशनात शिरा, लिफ्टनं वर जा, वरच्या वर पलीकडे जा आणि उतरा. सरकारनं एवढं बांधून दिलंय ते काय बघायला? तुम्ही म्हणायचात, "चालणाऱ्यानंच का गं चढायचं, मालू? गाडीतला तर बसलेलाच आहे. त्याला थांबायला काय धाड भरलीय?" मी म्हणायची, तो थांबत नाही म्हणून. तुम्ही म्हणायचात, "त्याला कुणी थांबायला सांगितलंच नाही म्हणून." आणि आपला चहा गार व्हायचा. तुमचे भाऊ पेपर तोंडापुढे धरून बसायचे, कारण बायको आणि बहीण यांच्या मधे पडण्याइतके ते भोळे नाहीत.

आधी तुम्ही नुसता हात दाखवायचात. आपल्या हैदराबादेत कोण दाखवत नाही? तळवा पुढे करायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि सुटायचं. पण मंजूकडे मेलबर्नला चार महिने राहून आलात आणि तुमच्या डोक्यात ट्राम शिरली. लेकीचं घर, नातवंडं, समुद्र, कशाचं म्हणून काही सांगितलं नाहीत. सांगितली ती ट्राम. ती रस्त्याच्या मधोमध थांबते आणि मागच्या सगळ्या मोटारी तिच्या पाठीशी थांबतात, शेवटचा माणूस उतरून फूटपाथवर चढून दार लागेपर्यंत. "उतरणाऱ्याला हात दाखवावा लागत नाही गं," असं म्हणालात तेव्हा तुमचा आवाज जरा कापला होता. मला हसू आलं. आमची सिटी बस तिसऱ्या लेनमध्ये सोडते आणि मागून दुचाकी अंगावर येते, आणि या बाई ट्रामच्या गोष्टी सांगतात.

आणि तुम्ही स्वतःच तिच्यापुढे गेला होतात, ते मला महिन्यानं सांगितलंत. इथल्या सवयीनं तळवा पुढे केला आणि रुळांवर पाय टाकला. घंटा वाजली, ट्राम करकचून थांबली, आणि कुणा अनोळखी बाईनं तुमची बाही धरून मागे ओढलं. "तिला वळता येत नाही, मालू. आवाजही करत नाही. हात दाखवून काय उपयोग? तिथं दोघांनी पाळायचं असतं. तिनंही थांबायचं, आपणही थांबायचं." तेव्हापासून तुम्ही बदललात. तुम्हाला बटण पाहिजे होतं. दाबायचं, थांबायचं, हिरवा माणूस लागला की जायचं. मी तुमचं नावच ट्रामबाई ठेवलं.

मग सुरू झाली वाहतूक खात्याला पत्रं. दर पंधरा दिवसांनी एक. वहीतल्या पानासारख्या रेघा आखून, रस्त्याची आकृती काढून, आणि खाली तक्ता. सकाळी पिशवीशिवाय किती सेकंद, पिशवीसह किती, म्हणजे तुमचे ते कायमचे अठ्ठावीस, आणि पावसात किती. शाळेतलं जुनं स्टॉपवॉच गळ्यात अडकवून तुम्ही रस्ता ओलांडायच्या, आणि मी गॅलरीतून कपाळावर हात मारायची. एकदा म्हणालात, "तू नुसती सोबत चल. दोघींचं मोजू." मी म्हटलं, "मला नक्को. मी लिफ्टनं जाते." वन्सं, एकदासुद्धा आले नाही मी. हे लिहिताना लाज वाटतेय.

आता गणपतीतलं. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मला दरवर्षी नकला करायला लावतात, आणि मीही काय, माईक दिसला की माझं भान सुटतं. यंदा मी तुमची केली. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात घड्याळ, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री वर, आणि गुडघा बाहेर फेकत, "थांबाऽऽ, माणूस आहे!" हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. शिट्ट्या पडल्या. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर आणखी चेव आला, मी दोनदा रस्ता ओलांडला. आणि मग तिसऱ्या रांगेतली तुमची खुर्ची रिकामी दिसली. प्रसादसुद्धा न घेता गेला होतात.

दोन दिवस वर-खाली बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही अंबाड्याच्या चटणीची वाटी घेऊन खाली आलात, ओट्यावर ठेवलीत, आणि वळता वळता म्हणालात, "नकलेत गुडघा उजवा घेतलास. माझा डावा आहे." बस्स. तेवढंच. मी वाटी हातात घेऊन उभी. चिडून म्हणालात, की चुकीची खूण करून वहीवर शेरा मारायचात तसं म्हणालात, की थट्टा केलीत, मला आजतागायत कळलं नाही. 'चुकले' म्हणायला तोंड उघडलं तोवर तुम्ही जिना चढायला लागला होतात, एका पायरीवर दोन्ही पावलं ठेवत. मग म्हटलं, उद्या म्हणू. मग पत्रांना उत्तर आलं, सिग्नलचा खांब आला, तुम्ही खुशीत होतात, आणि ते उद्या राहूनच गेलं.

खांब तरी बघितलात. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, दिवे न लागलेला. "आठ-दहा दिवसांत लागेल," म्हणत तुम्ही रोज त्याच्या भोवती फिरून यायच्या. तो लागला तुमच्या तेराव्यानंतर. मी गॅलरीत उभी राहून बघितला आणि आत येऊन भांडी घासायला लागले. खाली गेले नाही.

आता आजचं ऐका. काल दसरा. तुम्ही नाहीत म्हणून आम्ही घरात काही केलं नाही, पण कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनी नेहमीप्रमाणे रिक्षा धुतल्या, हार घातले, कोहळे फोडले. त्यांच्यातला तो यादगिरी, तुमची पिशवी दुभाजकापर्यंत आणून द्यायचा तो, त्यानं विचार केला असणार, सगळ्या यंत्रांची पूजा होते तर या नव्या यंत्रानंच काय पाप केलंय? त्यानं खांबाला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हा एवढा जाड हार वरून सोडला, लिंबू-मिरच्यांसकट. तो हार नेमका हिरव्या माणसावर! पलीकडच्या खांबालाही त्याच्या भावकीतल्या कुणीतरी तसाच हार घातलेला. बटण दाबलं तरी दिसणार काय? झेंडू.

आणि आज सकाळी खात्याचे साहेब बघायला आले. तरुण इंजिनिअर, बगलेत निळी फाईल. मी भाजीला निघाले होते, लिफ्टकडे. अर्धा तास उभे होते म्हणे, आणि एक माणूस बटण दाबून गेला नाही. जो तो आपला तळवा पुढे करून सुटतोय. मी जवळून जाताना ते फोनवर बोलत होते. तेलुगु मला येतं तेवढं येतं, पण "तीसेद्दाम" कळलं. काढून टाकू या. आजच रिपोर्ट देतो, खांब दुसऱ्या चौकात लावू.

वन्सं, मी पुढे जाऊ शकले असते. इतकी वर्षं मीच म्हणत होते ना, की हा हट्ट आहे. पण पिशवी तिथंच टाकली. मी सरळ खांबाशी गेले आणि हार ओढायला लागले.

यादगिरी धावत आला. "अम्मा, अम्मा! कल का च हार हय, ऐसा नै निकालते!"

"अरे, त्याच्याखाली माणूस कोंडलाय!" मी ओरडले. "हरा आदमी! उसकू देखे बिगर कोण चलतंय?"

तो वर बघतच राहिला. "मेरे कू क्या मालूम अम्मा, भीतर आदमी हय बोलके." मग त्यानं चपला काढल्या, खांबाला हात लावून कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी हार असा हळू उतरवला की मला त्या घाईतही हसू आलं. पलीकडे हाक मारून तोही उतरवला. आणि मी बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा. थांबले. गाड्या थांबल्या! खरंच थांबल्या हो वन्सं! आणि हिरवा माणूस चालायला लागला, आणि त्याच्या मागोमाग सहा-सात जण निघाले.

पण पंधरा सेकंदांत लाल. तरणे पोचले, पण एक म्हातारं जोडपं मेट्रोच्या खांबापाशी अडकलं. दोन्हीकडून हॉर्न, आणि एक मोटारसायकल म्हातारीच्या पदराला घासून गेली. साहेब म्हणाले, "बघा अम्मा, हे जास्त धोक्याचं. काढलेलाच बरा."

"सेकंद कमी आहेत," मी म्हटलं. "अठ्ठावीस पाहिजेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फाईल उघडली. वन्सं, तुमची पत्रं! सगळी होती. एकही फेकलं नव्हतं त्यांनी. रेघा आखलेली, आकृत्यांची, एकावर एक. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "इथंही अठ्ठावीसच लिहिलंय. एवढं हळू कोण चालतं? आमच्या हिशेबात पंधरा पुरतात. बोलवा या मॅडमना. चालून दाखवू देत, मी मोजतो."

"त्या नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी फाईल मिटली. यादगिरी खाली मान घालून हाराची दोरी गुंडाळायला लागला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी दाखवते. मला येतं त्यांच्यासारखं चालता."

साहेबांनी पोलिसाला सांगून गाड्या अडवल्या, मोबाईलवर घड्याळ लावलं. मी पिशवी उचलली, यादगिरीच्या रिक्षातली छत्री घेतली, आणि मंडळात केलं होतं तस्सं केलं. छत्री वर, गुडघा बाहेर, थांबाऽऽ, माणूस आहे! रिक्षावाले हसले. पलीकडे पोचले आणि परत आले. साहेबांनी मोबाईल दाखवला. एकवीस.

"पंधरा नाहीत, मान्य," ते म्हणाले. "पण अठ्ठावीसही नाहीत. मॅडमनी वाढवून लिहिलंय."

वाढवून! वन्सं, मी पेटले. जिनं सख्ख्या भाच्याचा अर्धा मार्क कापला, ती वाढवून लिहील? मी काहीतरी फाडकन बोलणार होते, आणि त्याच वेळी मला ती वाटी आठवली. उजवा घेतलास. माझा डावा आहे.

"साहेब, मी चुकले," मी म्हटलं. "त्या नाही. परत मोजा."

"मळ्ळी नडवंडी," ते म्हणाले. चाला पुन्हा.

या वेळी मी नक्कल केली नाही. मी तुम्हाला आठवलं. इतकी वर्षं गॅलरीतून कपाळावर हात मारत बघितलं होतं ना, ते सगळं डोळ्यांत होतं. डावा गुडघा दुखरा, म्हणजे फूटपाथवरून उतरताना आधी डावा पाय खाली, मग उजवा त्याच्या शेजारी. मग निघायचं. पहिल्या अर्ध्यात गाड्या उजवीकडून, म्हणून छत्री उजव्या हातात, पिशवी डाव्या. दुभाजकाशी आलं की गाड्यांची दिशा बदलते, म्हणून तिथं थांबायचं, पिशवी या हातातून त्या हातात, छत्री त्या हातातून या हातात, चष्मा वर सारायचा. हे मी नकलेत घेतलंच नव्हतं, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मग दुसरा अर्धा. पिशवी आता उजव्या हातात जड, म्हणून पाऊल आणखी लहान. आणि पलीकडच्या फूटपाथवर चढताना आधी उजवा, मग डाव्याला ओढून वर घ्यायचं. मी काही मोजत नव्हते. ओरडलेही नाही. तुम्ही कधी ओरडायच्या नाहीत, ते मीच घातलेलं पदरचं. तुम्ही हळू म्हणायच्या, थांबा हं, येतेय. तसं म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

वळून बघितलं तर साहेब मोबाईलकडे बघतायत. मग फाईल उघडली, पत्राकडे बघितलं. परत मोबाईलकडे. आणि मोबाईल वर करून मला दाखवला, रस्त्यापलीकडून. मला एवढ्या लांबून काय दिसणार? यादगिरीच ओरडला, "अम्मा! अठ्ठाईस! बरोबर अठ्ठाईस!"

मी रस्त्याच्या पलीकडे, तुमच्या बँकेच्या दारात, भर सकाळी, छत्री धरून रडले. आणि हसले. दोन्ही एकदम होतं हे मला ठाऊक नव्हतं.

मी इकडे परत आले तोवर त्यांनी तिथल्या तिथं माणसाला बोलावून पेटी उघडायला लावली. अठ्ठावीस बसवले. गाडीवाले थोडी बोंबाबोंब करतील, पण खांब राहील, असं म्हणाले. तुमचं पत्र रिपोर्टला जोडतो म्हणाले, म्हणजे तक्त्याचं. मी म्हटलं, सगळी जोडा. मग ते म्हातारं जोडपं परत आलं, बँकेतून. बटण मीच दाबून दिलं. ती दोघं निघाली, दुभाजकाशी जरा थांबली, आजोबांनी पिशवी हात बदलून घेतली, आणि या फूटपाथवर चढली तरी हिरवा माणूस अजून चालत होता. मी भाजी न घेताच घरी आले.

आपला तो वाद अजून संपलेला नाही, बरं का. लिफ्ट उन्हाची चांगलीच, हे मी म्हणणार. पण आता सकाळपासून रात्रीपर्यंत कुणीही ते बटण दाबलं, की सगळा दिलसुखनगर तुम्हाला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबणार आहे. शिकवणीची पोरं, गरोदर बाया, यादगिरीची आई. त्यांना तुमचं नाव माहीत असणार नाही. मला आहे.

ओट्यावर अजून तुमची वाटी आहे, वन्सं. घासून ठेवलीय, वर न्यायची राहिली. आणि मी चुकले. गणपतीत चुकले, सोबत आले नाही त्यात चुकले, हे तुम्हाला समोर बसवून सांगायचं होतं. ते राहिलं ते राहिलं. पण एवढं तरी ऐका. गुडघा या वेळी डावाच घेतला.